पान ६२ वरच्या त्या सात ओळी इतिवृत्तात पुन्हा घ्या

प्रति,
समन्वय समिती,
लोकशाही आणि संविधानाच्या रक्षणासाठी एकत्र आलेला आपला मंच, मुंबई

सस्नेह जिंदाबाद.

गेली पाच वर्षं आपल्या बैठकांचं इतिवृत्त मी लिहिते. त्याआधीची तीस वर्षं गिरगावातल्या छापखान्यांत प्रुफं वाचण्यात गेली, म्हणून हे काम आपसूक माझ्याकडे आलं. निळ्या पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर आहे, तुम्ही सगळ्यांनी त्यात सह्या केल्या आहेत. त्याच्या पान ६२ वर सात ओळी खोडलेल्या आहेत. तुमच्यापैकी दोघांनी सांगितलं म्हणून खोडल्या, पण पेन माझ्या हातात होतं. त्या सात ओळींसाठी हे पत्र लिहिते आहे.

त्या दिवशी जे हजर नव्हते त्यांच्यासाठी प्रसंग सांगते. दादरच्या आपल्या नेहमीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सभा होती. साडेपाचची वेळ दिली होती, सुरू व्हायला सहा वाजले. विषय अभिव्यक्तिस्वातंत्र्य. पाच वक्ते बोलले, चांगलं बोलले. प्रश्नोत्तरं शेवटी ठेवली होती, ती सुरू झाली तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि अर्धा हॉल रिकामा होता. डोंबिवली-विरारवाले गाडी धरायला गेले होते. मानखुर्द-गोवंडीच्या बायका तर आठलाच उठतात. कुर्ल्याला गाडी बदलायची असते, घरी गेल्यावर रात्रीचं पाणी भरायचं असतं. त्या दिवशी गोवंडीची एक मुलगी मात्र थांबली. बाविसेक वर्षांची असेल. आपल्या प्रत्येक मोर्चाला असते, फलकांवरची अक्षरं तिच्या हातची असतात.

तिने माईक घेतला आणि तीन प्रश्न विचारले. मी लिहीत होते, त्यामुळे जवळजवळ शब्दशः सांगू शकते. "आमच्या वस्तीतून दर वेळी चाळीस बायका येतात. सतरंज्या आम्ही घालतो, पाण्याचे जार आम्ही वर चढवतो, मग त्या स्टेजवर आमच्यातलं कुणीच का नसतं?" हा पहिला. "पकडलेल्या पोरांच्या जामिनासाठी वर्गणी काढली, आमच्या गल्लीतून पाच हजार तीनशे रुपये निघाले, दहा-दहा वीस-वीस करून. त्याचा हिशेब आम्हाला कधी दाखवणार?" हा दुसरा. आणि तिसरा, "ही समिती कुणी निवडली? मी तीन वर्षं येतेय, मला कुणी मत विचारलं नाही."

इथे माईक बंद झाला. कुणी बंद केला ते मी पाहिलं आहे, इथे नाव लिहीत नाही. मग मंचावरून पहिलं वाक्य आलं, "ही वेळ नाही." दुसरं आलं, "तुला कुणी पाठवलं?"

ती काही बोलली नाही. खाली पडलेली माईकची वायर तिने उचलली, कोपरावर नीट गुंडाळली, माईक स्टँडला लावला आणि जाऊन बसली. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गोळा करायलाही थांबली. दोन दिवसांनी तिला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. का काढलं हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही, आणि सव्वाशे लोकांतल्या एकानेही विचारलं नाही. त्या सव्वाशेंत मी आहे.

मी इतिवृत्त लिहिलं तेव्हा तिचे तिन्ही प्रश्न सात ओळींत आले होते. मग फोन आला. "ताई, तेवढं वगळा. कागद उद्या कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही." मी वगळलं आणि वरच्या बाजूला लिहिलं, "उपस्थित सभासदांनी विविध सूचना केल्या." छापखान्यात असताना लेखकाच्या मजकुरातला अर्थ बदलेल असा एक काना मी कधी हलवला नाही. इथे एका मुलीचं सगळं म्हणणं मी पाच शब्दांत पुरलं. त्याची लाज वाटते, आणि ती लाज खाजगीत ठेवण्यासारखी नाही म्हणून पत्र खुलं आहे. याआधी समितीला दोन पत्रं दिली होती, त्यांना उत्तर आलेलं नाही. शिवाय तिला सत्तर माणसांसमोर "कुणी पाठवलं" असं विचारलं गेलं होतं. ते एखाद्या खोलीत दार लावून, चहा पाजून मिटवता येणार नाही.

त्यानंतर गेल्या आठवड्यात तुम्ही मला आचारसंहितेचा मसुदा शुद्धलेखन तपासायला पाठवलात. कलम ७ असं आहे: "चळवळीच्या प्रतिमेस बाधा पोहोचेल असे विधान कोणत्याही सभासदाने अंतर्गत अथवा जाहीररीत्या करू नये." ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे. पण "अंतर्गत" या शब्दापाशी मी थांबले, ते अजून पुढे सरकलेले नाही. बाहेर बोलू नका, इतकं म्हणाला असता तर निदान वाद घालता आला असता. आतही बोलायचं नाही म्हटल्यावर वाद घालायचा कुठे?

आपण जनसुरक्षा विधेयकाच्या विरोधात काय काय केलं ते आठवा. जुलै २०२५ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झालं, त्याच्या आधीपासून आपण पत्रकं वाटत होतो. दादर स्टेशनबाहेर पावसात उभं राहून लोकांना एकच मुद्दा समजावत होतो, की "बेकायदेशीर कृत्य" याची व्याख्या इतकी ढगळ आहे की उद्या तिच्यात कुणालाही बसवता येईल. त्या पत्रकाचं प्रूफ मीच वाचलं होतं. आता "प्रतिमेस बाधा" याची व्याख्या मला कुणी सांगेल का? हिशेब विचारला तर बाधा पोहोचते? सभा उशिरा सुरू झाली म्हटलं तर? २०१२ च्या नोव्हेंबरात, मुंबई बंद होती त्या दिवशी फेसबुकवर टाकलेल्या चार ओळींसाठी, पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. तेव्हा आपण सगळे किती संतापलो होतो! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं ते याच ढगळपणासाठी. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा प्रचार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, असा फरक न्यायालयाने त्या निकालात केला. आपल्या वकील मित्रांनी तो निकाल आपल्याच शिबिरात दोन तास शिकवला आहे. मग आपलं कलम ७ लिहिताना ती वही कुणी उघडली नाही का?

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ग्रुपमधले स्क्रीनशॉट बाहेर गेले आहेत. त्यातलं अर्धं वाक्य कापून आपल्याविरुद्ध फिरवलं गेलं आहे. आझाद मैदानाची परवानगी मागायला गेलं की आतल्या गोष्टी समोरच्याला आपल्याआधी माहीत असतात. दोघा कार्यकर्त्यांच्या घरी चौकशीला माणसं येऊन गेली. अशा दिवसांत संशय येतो, मलाही येतो. पण संशय आला की तो खाली बसलेल्यांवरच का जातो? स्टेजवर बसलेल्या कुणाला "तुला कुणी पाठवलं" असं आजवर विचारल्याचं मला आठवत नाही, आणि रजिस्टरमध्येही तशी नोंद नाही.

"ही वेळ नाही" याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण हे वाक्य मी आपल्या बैठकांत फार वेळा लिहिलं आहे.

दर ९ ऑगस्टला आपण ऑगस्ट क्रांती मैदानात जातो, हार घालतो, घोषणा देतो. त्याच्या आदल्या रात्री तिथे काय झालं ते आपल्या भाषणांत नेहमी अर्धंच सांगितलं जातं. ७ आणि ८ ऑगस्ट १९४२, गवालिया टँक. महायुद्ध सुरू होतं. ठराव झाला की सरकार धरपकड करू शकतं हे उघड होतं, आणि तसंच झालं, ९ तारखेच्या पहाटे नेत्यांना उचललं. याहून बिकट वेळ चळवळीवर कोणती येणार? तरीही त्या रात्री "छोडो भारत"चा ठराव मताला टाकला गेला. तिघांनी उपसूचना मांडल्या आणि त्यांवर मतदान घ्यायला लावलं. तेरा जणांनी ठरावाच्या विरोधात हात वर केले. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाल्यावर गांधीजी बोलायला उभे राहिले आणि "करेंगे या मरेंगे" म्हणण्याच्या कितीतरी आधी, भाषणाच्या अगदी सुरुवातीलाच, त्यांनी त्या तिघांचं आणि त्या तेरा जणांचं अभिनंदन केलं. विरोधात मत दिलं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. आपण मूठभर उरलो, लोक हसले, तरी धीर सोडायचा नाही, हेच गेली वीस वर्षं शिकत आलो आहोत, असंही म्हणाले.

एवढ्या मोठ्या लढ्याची हाक द्यायला उभा राहिलेला माणूस भाषणाची पहिली मिनिटं स्वतःच्या ठरावाच्या विरोधकांसाठी खर्च करतो. त्या तेरांची भूमिका चूक होती असं मला वाटतं, कदाचित तुम्हालाही वाटत असेल. पण ते तेरा होते हे आज मी लिहू शकते, कारण त्या रात्री कुणीतरी ते मोजलं आणि लिहून ठेवलं.

मैदान आपलंच आहे, बसने अर्ध्या तासावर.

घटना समितीचंही तसंच. आपल्या प्रत्येक सभेत बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण येतं. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा त्यातला भाग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या भाषणात त्याच्या आधी एक परिच्छेद येतो, तो आपण कधी वाचत नाही. पक्षशिस्त सगळ्यांनी काटेकोर पाळली असती तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती, असं बाबासाहेब तिथे म्हणतात. सुदैवाने काही बंडखोर होते, असं सांगून ते त्यांची नावं घेतात: कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव. जोडीला प्रा. के. टी. शहा आणि पंडित हृदयनाथ कुंझरू. त्यांच्या सूचना मला मान्य करता आल्या नाहीत, पण त्यामुळे त्या सूचनांची किंमत कमी होत नाही, मी त्यांचा ऋणी आहे, असं ते सांगतात.

मुंबईत अर्थशास्त्र शिकवलेले हे के. टी. शहा. त्यांनी किती उपसूचना मांडल्या आणि त्यातल्या किती फेटाळल्या गेल्या, हे चर्चांचे खंड चाळताना लक्षात येतं. माणूस उठतो, मुद्दा मांडतो, सभा "नाही" म्हणते, तो बसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठतो. त्यांना कुणी सभेतून काढलं नाही. फेटाळलेली प्रत्येक उपसूचना छापलेली आहे. एका मुद्रितशोधक बाईला हे फार मोठं वाटतं. जे हरलं त्याचंही प्रूफ कुणीतरी वाचलं आहे.

आणीबाणीतही हेच झालं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक असा निकाल लागला आणि स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयाचं दार बंद झालं. न्यायमूर्ती हंसराज खन्नांचा एकट्याचा विरोधी निकाल त्याच निकालपत्राचा भाग म्हणून राहिला, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बाजू त्यांची घेतली. दर २५ जूनला आपण खन्नांचं नाव आदराने घेतो. घ्यायलाच हवं.

आता तिचा पहिला प्रश्न घ्या, स्टेजवर आमच्यातलं कुणी का नाही हा. त्यावर नंतर मला खाजगीत उत्तर मिळालं ते असं, "आधी लोकशाही वाचू दे, मग प्रतिनिधित्वाचं बघू." हे वाक्य मराठी माणसाने तरी सहज बोलू नये. आधी राजकीय की आधी सामाजिक, यावर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच रणं झाली. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये इथेच, डोंगरीच्या तुरुंगात, १०१ दिवस एकत्र होते. इतकी जवळची माणसं. पुढे याच प्रश्नावर पटेना तेव्हा आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते "आधी हे, मग ते" याला बधले नाहीत. ज्या बायकांना आज मंचावर जागा नाही, त्यांना आपण उद्याच्या लोकशाहीत जागा देऊ, हे त्यांनी कशाच्या भरवशावर मानायचं? पाच वर्षांत त्यांनी आपल्याला पाहिलं आहे ते जार चढवताना.

टीका आणि शिवीगाळ यांतला फरक मला कळतो. मागे एकाने ग्रुपवर एका कार्यकर्त्याच्या जातीवरून लिहिलं होतं, ते काढलंत, योग्य केलंत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. काही जण केवळ भांडायला येतात, तेही पाहिलं आहे. पण या मुलीने कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाच्या हेतूवर बोट ठेवलं नाही. तिने हिशेब मागितला. गणपतीच्या मंडळातही विसर्जनानंतर हिशेबाचा कागद फळ्यावर लागतो. आमच्या चाळीत तर विजेच्या माळांचं भाडंसुद्धा लिहिलेलं असायचं, आणि त्यावर दर वर्षी भांडण व्हायचं, आणि पुढच्या वर्षी गणपती यायचाच.

तिचा हिशेबाचा प्रश्न चुकीचा असता तर दोन मिनिटांत खोडता आला असता. माझ्या माहितीप्रमाणे पैसे योग्य ठिकाणीच गेले आहेत, पावत्या आहेत. मग त्या दाखवायला हरकत काय होती? आपल्याकडे उत्तर असताना आपण ते दिलं नाही. खालून प्रश्न आला याचाच आपल्याला राग आला. मी तिथेच बसले होते म्हणून सांगते, तो राग होता, सावधगिरी वाटावी असं त्यात काही नव्हतं.

मला हवं आहे ते फार नाही. तिला ग्रुपमध्ये परत घ्या, आणि ज्यांनी काढलं त्यांनी स्वतः तिला फोन करावा, मध्यस्थ नको. जामिनाच्या वर्गणीचा हिशेब एका कागदावर लिहून हॉलच्या दाराशी लावा. कलम ७ मागे घ्या. समितीची निवडणूक घ्यायची की नाही, घ्यायची तर कशी, हे मला एकटीला ठरवता येणार नाही, पण तो विषय पुढच्या बैठकीत पहिला ठेवा. आणि प्रश्नोत्तरं आधी घ्या. वक्ते नंतर बोलतील, त्यांना घरी सोडायला गाडी असते. साडेपाचला प्रश्न सुरू केलेत तर गोवंडीच्या बायकांना बोलून आठच्या गाडीला जाता येईल. गेल्या पाच वर्षांत वस्तीतल्या बाईने विचारलेले प्रश्न रजिस्टरमध्ये शोधले तर बोटावर मोजण्याइतके निघतात. त्यांना प्रश्न नव्हते असं थोडंच आहे, त्या तेव्हा कुर्ल्याच्या फलाटावर होत्या.

हे पत्र प्रसिद्ध झाल्यावर तुमच्यापैकी काही जण माझ्याशी बोलणार नाहीत, हे मी गृहीत धरलं आहे. आणीबाणीत ज्यांनी घरात माणसं लपवली, त्यांच्या बरोबरीने मी तुमच्या दोघातिघांना मानते. तुमच्या घरी जेवले आहे, तुमच्या अटकेच्या रात्री पोलीस ठाण्याबाहेर बसले आहे, पुन्हा बसेन. मंच सोडण्याचा माझा विचार नाही. मला काढायचं असेल तर मात्र कारण लिहून द्या, मी ते इतिवृत्तात घेईन.

छापखान्यात एक खूण असते. प्रूफ वाचताना एखादा शब्द चुकून खोडला, आणि मग तो ठेवायचा आहे असं लक्षात आलं, तर त्या खोडलेल्या शब्दाखाली ओळीने टिंबं देतात. जुळारी ती टिंबं पाहतो आणि शब्द आहे तसा ठेवतो. काल रात्री मी पान ६२ उघडलं आणि सातही ओळींखाली टिंबं दिली. वर लिहिलेलं "विविध सूचना" हे वाक्य मी काढलेलं नाही, तेही तिथे राहू दे. समासात तारीख टाकून सही केली आहे.

रविवारी बैठकीच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. मी ते पूर्ण वाचेन, त्या सात ओळींसकट. तिला मी निरोप दिला आहे, ती येते म्हणाली आहे. साडेपाचला सुरू करूया, तिला आठची गाडी आहे.

तुमची सहकारी,
इतिवृत्त लिहिणारी एक सभासद